पलीकडून वाचून दाखव

३ जून

ताई,

तिने वायर उपटली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस, पुढे वाच.

फोनवर मी आरडाओरडा करतो म्हणून यापुढे पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम मी मुकाट्याने पाळतोय. तुझं म्हणणं, पोस्टाचं तिकीट शोधेपर्यंत माझं डोकं थंड होतं. मी तिकीट खिशात घेऊनच लिहायला बसलोय, त्यामुळे फार आशा ठेवू नकोस.

आधी काम सांगतो, नाहीतर वायर कसली ते कळायचं नाही. आम्ही एक प्रोग्राम करतोय. फाइल असते लांब, दुसऱ्या गावातल्या मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर. माणूस बसलेला असतो भलतीकडेच. आमचा प्रोग्राम ती फाइल त्याला अशी दाखवतो की जणू ती त्याच्याच टेबलाच्या खणात आहे. उघडा, बदला, सेव्ह करा, जेवायला जा. माणसाच्या बाजूच्या या प्रोग्रामला आमच्यात क्लायंट म्हणतात. तो मी लिहिलाय. म्हणजे बराचसा. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाने लिहिलाय, हे बाबांच्या कानावर घाल.

आता ती. आमच्याकडे नवी टेस्टर आली आहे. टेस्टरचं काम म्हणजे आम्ही केलेलं मोडून दाखवणं. आल्या आल्या माझ्या टेबलापाशी उभी राहिली. मी ऐटीत एक फाइल उघडली, एक ओळ बदलली, सेव्ह दाबलं. हिरवी खूण आली. म्हटलं, "बघा, पापणी लवायच्या आत."

"परत करा," ती म्हणाली.

मी परत एक ओळ बदलून सेव्ह दाबलं, आणि तिने खाली वाकून मशीनमागची नेटची वायर सरळ उपटली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी हातात धरून उभी.

हिरवी खूण आली.

"वायर माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "मग हे गेलं कुठून?"

"जाईल. वायर लावलीत की जाईल."

तिने वायर लावली. समोरच्या टेबलावरच्या दुसऱ्या मशीनकडे गेली, तीच फाइल सर्व्हरवरून उघडली आणि म्हणाली, "या इकडे. पलीकडून वाचून दाखवा."

तिथे जुनीच ओळ होती. धावत माझ्या मशीनवर येऊन बघतो तर तिथेही आता जुनीच. माझी नवी ओळ दोन्हीकडून गायब, आणि हिरवी खूण मात्र ढिम्म जागेवर.

मी भांडलो. टेस्टच चुकीची आहे, शहाणा माणूस वायर उपटतो का, वगैरे. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या प्रोग्रामला हो म्हणायची सवय आहे," आणि जाताना माझ्या मशीनची वायर पुन्हा काढून माझ्याच हातात देऊन गेली.

ताई, ती वायर धरून मी कितीतरी वेळ बसून राहिलो. हे प्रेम नसेल तर मला झालंय काय, तुझ्या लॅबमध्ये तपासून कळव. मनातल्या मनात मी तिला वायरवाली म्हणतो.

तुझी,
काडेपेटी


१२ जून

प्रिय काडेपेटीस,

पत्र मिळालं. कागदाला जळका वास नाही, म्हणजे प्रगती आहे.

तपासलं. ताप आहे, पण एकाच बाजूला. तुझी चूक काढते म्हणून तू एका मुलीच्या प्रेमात पडतोस, आणि जन्मापासून तुझ्या चुका काढणाऱ्या बहिणीशी मात्र भांडतोस. बरं, एकच विचारते. तिने तुझं नाव तरी विचारलंय का?

माझ्याकडची बातमी मोठी आहे. आमच्या दवाखान्याच्या आता गावोगाव शाखा झाल्या. लॅब मात्र एकच, माझी. रक्त इथे येतं, रिपोर्ट मी इथे लिहिते, आणि तिकडची नर्स दिवसभर फोन करून "ताई, सांगता का" म्हणून जीव खाते. परवा डॉक्टरीणबाई या फोनांना वैतागल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की माझा भाऊ नेमकं हेच करतो. त्यांनी लगेच तुमच्या साहेबांना फोन लावला. सगळ्या शाखांना तुझाच प्रोग्राम घ्यायचं चाललंय. माझी मान केवढी ताठ झालीय, मागून बघायला हवीस.

बाबांच्या कानावर घातलं. टीव्ही बघत होते. त्याचा आवाज कमी केला. तू गेल्यापासून तुझं नाव निघालं की ते आवाज वाढवायचे, हे तुला माहीत नसेल.

ते वायरचं तेवढं नीट कर बाबा.

ताई


२५ जून

ताई,

आवाज कमी केला हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुणाला सांगू नकोस.

दवाखान्याचं इकडे कळलं. साहेब आता येता-जाता माझ्या खांद्यावर हात ठेवतात. त्यांचा हात जड आहे.

वायरचं मी नीट केलं. घोळ काय होता ते ऐक, कारण हे तुझ्याच लॅबमध्ये येणार आहे. सेव्ह दाबलं की फाइल आधी आपल्याच मशीनच्या खिशात पडते, आणि हिरवी खूण तिथेच लागते. सर्व्हरकडे ती मागाहून, सवडीने जाते. म्हणून तर सगळं झटपट वाटतं. पण मध्येच वायर सुटली, तर परत जोडल्यावर प्रोग्राम सर्व्हरवरची जुनी फाइल खरी मानतो आणि खिशातली नवी टाकून देतो. ना कुरकूर, ना लाल खूण. ही झटपटगिरी साहेबांची कल्पना, लिहून दिली मी. आता मी ती बदलली. पलीकडून पोच आल्याशिवाय हिरवी खूण नाही.

वायरवालीने जंग जंग पछाडलं. वायर उपटली, मशीन झोपवलं, सर्व्हरच बंद केला, एकच फाइल दोघांकडून एकदम उघडून भांडण लावून पाहिलं. प्रत्येक वेळी उठायची, दुसऱ्या मशीनवर जायची आणि पलीकडून वाचायची. शेवटी म्हणाली, "आता खोटं बोलत नाही." अगं, मला कॉलेजने डिग्री दिली असती तरी एवढा आनंद झाला नसता.

पण पोचेची वाट बघायची म्हणजे मधल्या वेळात पडद्यावर चक्री फिरते. ती साहेबांच्या डोळ्यांत खुपते.

"जुनं होतं ते परत घाल," म्हणाले. "लोकांना वेग दिसतो. पोच कुणाला दिसते?"

"आणि वायर सुटली तर?"

"गिऱ्हाईक काय वायर उपटत बसणार आहे?"

"ती उपटावी लागत नाही साहेब, आपली आपण सुटते. झाडू मारताना सुटते. पायाने सुटते."

"कॉलेज पुरं केलं असतंस, तर कुठे काय बोलावं हेही शिकला असतास."

सगळ्यांसमोर! मी टेबलावर अशी मूठ आपटली की त्यांचा चहा त्यांच्याच कागदांवर सांडला. वायरवालीने तोंडावर हात धरला. हसली, मी पाहिलं.

आणि ताई, मी तिला सांगून टाकलं. जिन्यात. ती वर चालली होती आणि मी खाली, त्यामुळे मान वर करून सांगावं लागलं. आम्ही आता अरे-तुरेवर आलोय. ती म्हणाली, "बघू." नाही म्हणाली नाही! बघू म्हणाली, आणि वळणावर थांबून एकदा मागे बघितलं. झालं तर मग. तुला भावजय आवडेल. ती तुझ्यासारखीच खवचट आहे.

काडेपेटी


६ जुलै

काडेपेटीस,

बघू म्हणजे बघू. तुला त्यात हो ऐकू आलं, कारण तुला तेच ऐकायचं होतं. तुझ्या प्रोग्रामला ही खोड कुणाकडून लागली, याचा एकदा विचार कर.

आता मुद्द्याचं. तुमच्या साहेबांनी डॉक्टरीणबाईंना कळवलंय की टेस्टचा कागद तुझ्या सहीने निघणार, आणि तो निघाला की तुला टीमचा प्रमुख करणार. हे मी बाबांना सांगितलं. ते लगेच उठून न्हाव्याकडे गेले आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना सांगून आले, सुताराचा मुलगा प्रमुख होणार म्हणून. केस चार दिवसांपूर्वीच कापले होते. न्हावी म्हणाला, काका, कापू काय?

म्हणून सांगते, या वेळी सही कर. वायरचं नंतर कर, आत राहून कर. बाहेर पडून तू आजवर काय नीट केलंस? कॉलेजातल्या प्रॅक्टिकलला मागच्या वर्षीचे आकडे उतरवून काढायला सांगितले, म्हणून तू निघालास. तुझं बरोबर होतं, मी तेव्हाही म्हटलं. पण निघताना दार असं आपटलंस की त्याची काच खाली आली. ती काच दुसऱ्या दिवशी बाबा गुपचूप जाऊन बसवून आले. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांना तू काम करताना पाहिलंयस. दार बसवलं की ते स्वतः बाहेर जाऊन उभे राहतात आणि बाहेरून लावून बघतात. कुलपाची जीभ टक् करून बसली, तरच हत्यारं गोळा करतात. आणि त्यांचा मुलगा आयुष्यभर दारं आपटत आलाय.

एवढं ऐक. माझं म्हणशील तर माझं ठीक चाललंय.

ताई


१० जुलै

ताई,

बरं. करतो सही.

साहेबांनी वायरवालीला वरच्या मजल्यावर पाठवलं, बिलांच्या प्रोग्रामवर. साहेबांनी जुनं परत घालायला लावलं होतं, तेव्हा तिने वायरच्या टेस्टपुढे 'नापास' लिहिलं. त्यांनी नवा कागद छापला. त्यात ती टेस्टच नाही. आता खाली फक्त माझी सही हवी. तुमच्या दवाखान्याचे व्यवस्थापक अठरा तारखेला येतायत. त्यांच्यासमोर करायची म्हणे, शोभेची.

मी धडाधड वर गेलो. तिला म्हटलं, "मी सही करणार नाही. तुझ्यासाठी नोकरीला लाथ मारतो."

तिने मानही वर केली नाही. "माझ्यासाठी करणार असशील, तर सही कर."

"म्हणजे काय?"

"माझं 'नाही' मी लिहून दिलंय. त्याला तुझी पुरवणी नको. आणि ते दुसरं विचारलं होतंस ना, त्याला मी बघू म्हटलं होतं. बघून झालं. तू माणूस वाईट नाहीस रे, पण तुला नेहमी तुझ्याकडे बघणारं कुणीतरी लागतं."

खोलीतले सगळे आपापल्या पडद्यात डोकं खुपसून ऐकत होते. मी खाली आलो. जिना तोच होता.

मग मी नाही म्हणायचं कुणासाठी, सांग ना! तुला सही हवी, बाबांना हवी, साहेबांना हवी. जिच्यासाठी देणार नव्हतो तिला माझ्या 'नाही'शी काही देणंघेणं नाही. घ्या. सगळ्यांनी खूश व्हा. हिरवी खूण.


१४ जुलै

बाळा,

तुझं पत्र आज मिळालं. तुझा राग नंतर काढू. आधी माझं ऐक.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. सगळ्या शाखांत हा प्रोग्राम बसवायचं काम डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे दिलंय, बढतीसकट. तेव्हा 'सही कर' हे मी लिहिलं, ते सगळंच काही बाबांसाठी नव्हतं.

तुझ्या प्रोग्रामची चाचणीपुरती प्रत काल आली. किती झटपट, किती झटपट, म्हणून सगळे नाचले. मीही नाचले. मग सगळे जेवायला गेले आणि मला तुझं पहिलं पत्र आठवलं. मी एक नवा पेशंट घातला. नाव, बोका. आपलाच, मागच्या भिंतीवर बसतो तो. त्याच्या रक्तातलं पोटॅशियम घातलं, अगदी हवं तेवढं. लांबच्या शाखेतल्या नर्सला फोन करून विचारलं, दिसतंय का? दिसतंय म्हणाली. मग मी ते इतकं वाढवलं की माणूस असता तर सगळ्यांची पळापळ झाली असती. सेव्ह दाबलं आणि तुझ्या वायरवालीसारखी टेबलाखाली शिरले. ती कशी शिरते कोण जाणे, मला टेबल लागलं, टेंगूळ आलंय. वायर उपटली. वर येऊन बघते तर हिरवी खूण. वायर परत लावली आणि नर्सला म्हटलं, "आता पलीकडून वाचून दाखव गं."

ती म्हणाली, "पोटॅशियम छान आहे हो ताई. सोडू का घरी पेशंटला?"

मला खुर्चीवर बसायलाही सुचलं नाही. तशीच टेबलाला टेकून जमिनीवर बसले. ती पोरगी किती आनंदाने म्हणाली रे ते.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधी त्या लॅबमध्ये मांजर आलंच कसं, यावरच भडकल्या. बोका खरा नाही, म्हणजे खरा आहे पण पेशंट नाही, हे समजावता समजावता माझा घसा बसला. मग त्यांनी तुमच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, टायपिंगची चूक असेल. आता तिकडे जाणारच आहात, तर स्वतः बघून ठरवा, असं बाईंनी आमच्या व्यवस्थापकांना सांगितलंय. माझ्या बढतीचं काय व्हायचं ते होईल.

बाबांनाही सगळं सांगितलं. टीव्ही बंद करून ऐकलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "बोक्याला खरंच काही झालेलं नाही ना?"

कुणासाठी नाही म्हणायचं, विचारतोस. त्या नर्ससाठी म्हण. ती तुला ओळखत नाही, तिला कधी कळणारही नाही, आणि ती वळून तुझ्याकडे बघणार नाही.

हे पत्र तुला वेळेत मिळेल का, माहीत नाही. सही करून बसला असलास तरी घरी ये.

ताई


१९ जुलै

ताई,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं, सगळं होऊन गेल्यावर. खोलीच्या जिन्यातच बसून वाचलं. बोक्यापाशी आलो आणि असा हसत सुटलो की शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या. का हसलो ते कळेलच.

मी शनिवारी घरी येतोय. बाबांना सांग, प्रमुख येत नाहीये, मी येतोय. न्हाव्याला काय सांगायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवू.

आता कालचं. खोटं कशाला सांगू, मी सही करायलाच गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांच्या खोलीत दोन मशीन मांडली होती, एक दवाखान्याची लॅब म्हणून आणि एक शाखा म्हणून. व्यवस्थापक म्हणजे जाड भिंगांचे एक गृहस्थ, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेले. कागद टेबलावर, शेजारी टोपण काढलेलं पेन. साहेबांनी लॅबच्या मशीनवर सेव्ह दाबून दाखवलं. हिरवी खूण. पुन्हा दाखवलं. पुन्हा हिरवी.

व्यवस्थापक साहेबांकडे न बघता माझ्याकडे वळले. म्हणाले, "म्हणजे हिरवं दिसलं की शाखेत पोचलं, असंच ना? आमच्या मुली तेवढंच बघणार हो. त्यांना बाकीचं काही कळत नाही, आणि कळायला वेळही नसतो."

"शंभर टक्के," साहेब म्हणाले. "सांग रे त्यांना."

सांग रे. नुसतं हो म्हणायचं होतं. ताई, मी तोंड उघडलं, आणि तो हो काही केल्या बाहेर येईना. वायरवाली तिथे नव्हती. तू नव्हतीस. कुणी बघत नव्हतं. तरी येईना.

"परत करा," मी साहेबांना म्हटलं. त्यांना वाटलं मी रंगात आलोय. त्यांनी आकडा बदलला, सेव्ह दाबलं, आणि मी वाकून वायर उपटली.

हिरवी खूण आली. काय टवटवीत आली म्हणून सांगू!

वायर परत लावून मी व्यवस्थापकांना म्हटलं, "काका, त्या मशीनवर जा. पलीकडून वाचून दाखवा."

ते पिशवीसकट उठले, वाकून पडद्याला नाक लावलं, जुना आकडा मोठ्याने वाचला, आणि मग सावकाश म्हणाले, "म्हणजे बोक्याचं झालं तेच."

मला वाटलं, म्हातारा बिचारा धक्क्याने बरळायला लागला.

"ती टायपिंगची चूक होती!" साहेब ओरडले. मग माझ्याकडे बोट. "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला? त्या वरच्या बाईने?"

"तिला यातलं काही माहीत नाही. हे माझं आहे."

"असं? मग तूही नीट ऐक. आज इथून गेलास तर अनुभवाचा दाखला मिळणार नाही. कॉलेज नाही, दाखला नाही. लोकांना सांगशील काय, काय येतं म्हणून?"

"वायर उपटता येते म्हणून सांगेन."

मी तो कागद ओढला. सगळ्या टेस्टच्या खाली, जी त्यांनी काढून टाकली होती ती माझ्या हाताने लिहिली. सेव्ह दाबल्यावर वायर काढणे. पुढे लिहिलं, नापास. आणि त्याच्याखाली सही केली, पूर्ण नावाची. "सही हवी होती ना साहेब? ही घ्या. पोच आल्यावरच हिरवी खूण देणारा क्लायंट तुमच्याच सर्व्हरवर पडलाय, चक्रीसकट. लाज वाटेल त्या दिवशी उघडा." पेनाला टोपण व्यवस्थापकांनी लावलं. पेन साहेबांपुढे सरकवलं आणि पिशवी खांद्याला अडकवली.

वायरवालीला मी काही कळवलेलं नाही. हे तुझ्यासाठी केलं नाही, असं तिला वर जाऊन सांगणं म्हणजे पुन्हा तिच्यासाठीच केल्यासारखं. दुखतंय, खूप दुखतंय, पण ते माझं मी बघेन.

साहेब अजून बोलत होते. मी दाराकडे गेलो. जड लाकडी दार आहे, बाबांनी हात फिरवून बघितला असता असं. मनगटात सगळी जुनी सवय गोळा झाली होती. माझ्यामागे आता ते आपटणार, म्हणून कुणीतरी कानही झाकले असतील. मी बाहेर पडलो, वळलो, बाहेरून दाराची मूठ धरली आणि दार हळूहळू ओढून घेतलं. जीभ टक् करून बसली. मग हात काढला.